दादाला संघात घ्यायचं का? गावच्या कबड्डी मंडळानं जुना खेळाडू घ्यायच्या आधी काय पाहावं

दिवाळी आटोपली, सोयाबीन विकून झालं, धान चुरून घरात आलं की आपल्या इकडं कबड्डीची पत्रकं फिरायला लागतात. भंडारा-गोंदियाकडं मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आसपास, चंद्रपूर-गडचिरोलीकडं शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) आगेमागे, अन् वऱ्हाडात तर कापूस वेचणं चालू असतानाच. पत्रक आलं की मंडळाच्या ग्रुपवर वाद पेटलाच समजा. "यंदा दादाले घ्या ना बे, त्याची घोट्याची पकड आजबी कोणाले सुटत नाई." त्याच्या खाली लगेच दुसरा, "दादा अडतीसचा झाला राजा, गुडघ्याले पट्टा बांधून चालते." मग शंभर मेसेज, तीन जण ग्रुप सोडतात, निर्णय कोणीच घेत नाही, अन् सामन्याच्या दिवशी दादाच बॅग घेऊन गाडीजवळ उभा असते. आता त्याला काय सांगणार?

म्हणून हे आधी बसून ठरवा. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: दादाला घ्या, पण कोपऱ्यावर, म्हणजे बचावाच्या टोकाला, घ्या, किती सामने अन् किती पैसे ते ठरवून घ्या, अन् त्याच्यासाठी बाहेर कोण बसणार त्या पोट्ट्याला आधी सांगून घ्या. रेडर (चढाई करणारा) म्हणून घ्यायचा विचार असेल तर बहुतेक वेळा नका घेऊ.

काहून, तर वय झालं की सगळ्यात आधी जाते ती पहिली उडी अन् वळण, अन् रेडरचं सगळं काम त्याच्यावरच असते. ३० सेकंदाची चढाई, दम घेऊन आत जायचं, सहा-सात जणांच्या मधात हातपाय टाकायचे अन् कोणी हलला की तिथूनच उलटं फिरून मध्यरेषा गाठायची, हे एका सामन्यात पंधरा-वीस वेळा. पस्तिशीनंतर डोक्याला सगळं समजते, पाय उशिरा ऐकतात. बोनस (मागची बोनस रेषा ओलांडल्याचा गुण) घेऊन येईल तो अजूनही, पण दोन चढाया रिकाम्या गेल्या अन् तिसरी निर्णायक (गुण नाही तर बाद) आली की समोरच्यांना माहीत असते याला आता आत यावंच लागते, अन् तिथं दादा अडकते.

कोपऱ्याचं गणित वेगळं आहे. चांगला जुना डावा कोपरा कसा उभा राहते ते एकदा नीट पाहा. गुडघे वाकलेले, भार पंजावर, रेडरच्या तोंडाकडं पाहतच नाही, कमरेकडं पाहते, कारण तोंड अन् हात फसवतात, कंबर जिकडं जाईल तिकडंच माणूस जाते. रेडर बोनस रेषेच्या आत पाय टाकते, मागचा पाय हवेत, सगळा भार पुढच्या टेकलेल्या पायावर. दादा तोपर्यंत जागचा हलत नाही. पाय टेकला की दोन्ही हात घोट्यावर अन् खांदा मांडीला भिडलेला. भार असलेला पाय मागं ओढताच येत नाही, तोवर कव्हरवाला, म्हणजे आतल्या बाजूचा साथीदार, येऊन पडते, खेळ खलास. नवीन पोट्टंही हेच करते पण अर्धा सेकंद आधी करते, पाय हवेत असतानाच झेप घेते अन् फुकट बाद होऊन बाहेर जाते. हा अर्धा सेकंद थांबणं व्यायामानं येत नाही, पंधरा वर्षं मार खाऊन येते. वरून संघात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड झाली तर अव्वल पकडीचा एक गुण जास्तीचा मिळते, अन् नेमक्या त्याच वेळी पोट्ट्यांचे हातपाय गळतात. दादाचे गळत नाहीत.

प्रो कबड्डीत हे सगळ्यांनी पाहिलं आहे. धर्मराज चेरलाथन १९७५ चा जन्म, अन् २०१६ ला चौथ्या हंगामात पाटणा पायरेट्सचा कर्णधार म्हणून करंडक उचलला, म्हणजे एक्केचाळिसाव्या वर्षी. नंतर २०१९ ला हरियाणाकडूनही खेळत होता. डिफेंडर होता, लक्षात घ्या. अन् आठव्या हंगामात दबंग दिल्लीनं तर जुन्या लोकांचीच भरती केली, जोगिंदर नरवाल, मंजीत छिल्लर, जीवा कुमार, संदीप नरवाल, लोक हसले की हा संघ आहे का माजी विद्यार्थी मेळावा, अन् फेब्रुवारी २०२२ मध्ये फायनलला त्यांनीच पाटण्याला ३७-३६ नं हरवलं. पण चढाईला कोण होतं? नवीन कुमार, बावीस वर्षांचं पोरगं, अन् सोबत विजय. म्हातारे मागं, पोट्टे पुढं. दिल्लीचं पाहून जुने घ्यायचे असतील तर ही दुसरी बाजूही घ्या, तुमच्याकडं चढाईला पोट्टेच नसतील तर कोपऱ्यावर कोणीही उभा करा, गुण कुठून येणार?

अन् आणखी एक फरक, जो ग्रुपवर कोणीच बोलत नाही. तिथं दिवसाला एकच सामना, खाली मॅट, बाजूला फिजिओ अन् बर्फ. आपल्या इकडं काय असते? उद्घाटन अकराला लिहिलेलं, पाहुणे येतात दोनला, हारतुरे अन् भाषणं होईपर्यंत चार, मग पहिला सामना. दुसरा रात्री नऊला. तिसरा बाराला. अन् फायनल लागते तेव्हा पहाटेचे तीन, डिसेंबरची थंडी, काळ्या मातीवर दव पडलेलं, अर्धे प्रेक्षक शेकोटीजवळ. दादाचा पहिला सामना पाहून सगळे खूश होतात, "वाघ हाय बे अजून." दुसऱ्यालाही ठीक. पण मधात दोन तास शाल घेऊन खुर्चीवर बसला की गुडघा अन् कंबर असे आखडतात की तिसऱ्या सामन्यात तो खाली पडल्यावर उठायलाच वेळ घेते. तरुण पोराचं शरीर दोन तासात परत तयार होते, चाळिशीकडं झुकलेल्याचं होत नाही, हा काही जिद्दीचा विषय नाही.

म्हणून ट्रायल घ्यायची तर अशी घ्या. एका संध्याकाळी पहिला सराव सामना सहाला, दुसरा साडेसातला, तिसरा नऊला, अन् मधात त्याला काही करू देऊ नका, नुसतं बसवा, खरंच स्पर्धेत बसते तसं. पहिले दोन सामने मोबाईलवर शूट करायची गरज नाही, तिसरा करा. त्यात हे पाहा: खाली पडल्यावर हाताचा टेकू न घेता उठते का, रेडर त्याच्या बाजूला दोन-तीनदा लागोपाठ आला तर मागं सरकताना टाचेवर जाते का, अन् पकड चुकल्यावर कव्हरवाल्यावर चिडते का. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. थकलेला जुना खेळाडू सगळ्यात आधी तोंडानं थकते. अन् ट्रायलला "दादा तुमची काय परीक्षा घ्यायची" म्हणणारा एक जण निघतेच, त्याला त्या संध्याकाळी चहा आणायला पाठवा.

साखळीचंही, म्हणजे हात धरून पकड करणाऱ्या जोडीचंही, पाहून घ्या. कोपरा अन् कव्हर हे जोडीचं काम आहे, कोणी कधी जायचं हे डोळ्यानं नाही, हाताच्या दाबावरून समजते. दादा बाहेरगावी नोकरीला असेल, पोलिसात, एसआरपीत नाहीतर वेकोलित (कोळसा खाणीत), अन् थेट सामन्याच्या दिवशीच येणार असेल तर त्याच्या बाजूचं पोट्टं गोंधळते, दादा थांबला असते अन् हे आधीच गेलेलं असते. निदान आठ-दहा दिवस तरी सोबत सराव झालाच पाहिजे. तेवढी सुट्टी नसेल तर मग नाव मोठं असूनही नका घेऊ. खात्याचा खेळाडू असेल तर बाहेरच्या स्पर्धेत खेळायची परवानगी त्याची त्यानं आधी काढायची, तो कागद मंडळानं पाहायचा.

फोनवर कधीमधी रग्बी लीगचे सामने पाहतो, ते तेरा-तेरा जणांचं असते, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात चालते, त्यात पुढच्या फळीचे फॉरवर्ड नुसते अंगावर घेणं अन् पाडणं हेच करतात, आपल्या कोपरा-कव्हरचेच भाऊ. तिथल्या क्लबांमध्येही दर वर्षी हाच वाद, म्हातारा फॉरवर्ड घ्यायचा का नाही. लीड्स क्लबचा फॉरवर्ड जेमी पीकॉक २०१५ ला सदतीस वर्षांचा होता, त्या वर्षी लीड्सनं तिन्ही करंडक जिंकले अन् हा निवृत्त झाला. मग हल केआर नावाच्या क्लबात मॅनेजरच्या कामाला गेला, तिथं संघाचे वांधे चालू होते, तर २०१६ ला परत किट घालून मैदानात उतरला, अन् तरीही तो क्लब त्या वर्षी खालच्या श्रेणीत गेलाच. माणूस तोच, एकाच वर्षाचा फरक. लीड्समध्ये बाकी सगळं जागेवर होतं म्हणून त्याचा उपयोग झाला. तुमच्या मंडळाचं मागच्या वर्षीचं रडगाणं काय होतं ते आधी आठवा. "शेवटच्या पाच मिनिटांत आघाडी घालवली" असं असेल तर दादा कामाचा. "रेडरच नव्हता, सरावाला पाचच जण येत होते" असं असेल तर दादा येऊनही तेच होणार, फक्त आता त्याच्या नावानं होणार.

त्या खेळातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. म्हातारा फॉरवर्ड पूर्ण वेळ खेळवत नाहीत, सुरुवातीला वीसेक मिनिटं, मग बाहेर, मग शेवटी परत आत. आपल्या नियमातही पाच राखीव खेळाडू बदलता येतात अन् बाहेर काढलेला परत आत येऊ शकते, फक्त बाद होऊन बसलेल्याच्या जागी बदली मिळत नाही. मग वापरा ना! साखळी फेरीत कमजोर संघासमोर दादाला बसवा, पोट्ट्याला खेळू द्या. मजबूत संघासमोर दुसऱ्या हाफला उतरवा. गावच्या स्पर्धेत बदलीचे नियम कधी कधी पंच आपल्या मनानं चालवतात, तेवढं सामना सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या. शंकरपटवाले नवीन गोऱ्ह्याला जुन्या बैलासोबत जुंपून शिकवतात, तसं त्या पोट्ट्याला एकदा दादाच्या बाजूला कव्हरवर उभं करून पाहा, एका हंगामात जे शिकेल ते कोणत्याच शिबिरात मिळणार नाही.

पत्रक नीट वाचा. कितीतरी ठिकाणी स्पर्धा वजनगटाची असते, अन् गावातले किती खेळाडू, बाहेरचे किती चालतात, आधार कार्ड लागते का, हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असते. दादा लग्नानंतर बाहेरगावी राहायला गेला असेल अन् आधारवर तिथलाच पत्ता असेल तर समोरचा संघ हरल्यावर हमखास तक्रार करते, जिंकलेला सामना हातचा जाते. अन् जिल्हा निवड चाचणीचं पाहायचं असेल तर ते वेगळं, तिथं जिल्हा संघटनेकडं कोणत्या मंडळातून नाव नोंदवलं आहे ते पाहतात. आपला विदर्भ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रापासून वेगळा संघ उतरवते, म्हणजे पोट्ट्यांना तिथपर्यंत जायची वाट आहे, तर निवड चाचणीच्या आधीच्या स्पर्धेत शक्यतो पोट्टेच खेळवा, दादाला आता निवडून कुठं जायचं आहे?

वजनाचं जरा जास्तच सांगतो कारण इथं लोक मूर्खपणा करतात. दादा खेळत होता तेव्हा सत्तरला बसत होता, आता अठ्ठ्याहत्तर आहे. मग सुरू होते, दोन दिवस जेवण बंद, पाणी बंद, स्वेटरवर स्वेटर घालून पळणं, काट्यावर थुंकून थुंकून अर्धा किलो कमी करणं. वीस वर्षांचं पोट्टं हे करते तेही चुकीचंच, पण अडतीसच्या माणसाला उपाशी-तहानलेला ठेवून रात्रभर कबड्डी खेळवणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ. खुल्या गटात घ्या नाहीतर घेऊच नका. अन् पस्तीसच्या वरचा कोणीही असो, हंगामाच्या आधी बीपी, शुगर अन् ईसीजी करून घ्या, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होऊन जाते. गुडघ्याचं सरळ विचारा, जुना लिगामेंटचा त्रास आहे का, गुडघा अचानक सटकते का. सूज असतानाही इंजेक्शन मारून खेळतो म्हणणाऱ्याला हात जोडा. छातीत दुखलं, डाव्या हातात कळ गेली, दरदरून घाम आला तर "गॅस झाला असंन" म्हणून सोडा पाजत बसू नका, १०८ ला फोन करा. ही वेळ कधी येऊ नये, पण कोणाच्या मोबाईलमध्ये बॅटरी आहे अन् गाडीची चावी कोणाकडं आहे हे माहीत असलेलं बरं.

आता पैसे. इथंच मंडळं फुटतात. समजा पहिलं बक्षीस ३१ हजार आहे, अन् गाडीभाडं, प्रवेश फी, जेवण मिळून ६ हजार खर्च. उरले २५ हजार, दादासकट दहा जण, तर प्रत्येकी अडीच हजार. आता दादाला तुम्ही ५ हजार ठरवून दिले तर बाकी नऊ जणांना २ हजार २२२ येतात, कोणी काही बोलत नाही, जिंकले ना. पण दुसरं बक्षीस १५ हजाराचं मिळालं तर? खर्च जाऊन ९ हजार, दादाचे ५ गेले, उरले ४ हजार, नऊ जणांत ४४४ रुपये. आता बोलतात, त्याच रात्री, गाडीतच. अन् पहिल्याच फेरीत हरले तर ६ अन् ५ मिळून ११ हजार मंडळाच्या खिशातून, अन् वर्गणी दिलेला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर हिशोब मागते.

त्यापेक्षा ठरलेली रक्कम कमी ठेवा अन् हिस्सा बरोबरीचा द्या. दादाला येण्याजाण्याचे म्हणून दीड हजार पक्के, बाकी सगळ्यांसारखा वाटा. पहिलं बक्षीस आलं तर साडेतेवीस हजाराचे दहा वाटे, प्रत्येकी २ हजार ३५०, दादाला एकूण ३ हजार ८५०. दुसरं आलं तर पोट्ट्यांना ७५०, दादाला २ हजार २५०. हरलो तर मंडळाला साडेसात हजाराचा फटका, अकराचा नाही. अन् हे आकडे तोंडी नको. अध्यक्ष, कॅप्टन अन् दादा तिघांनी बसून वहीत लिहायचं, खाली सह्या, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. दादाला राग येईल असं वाटते ना? येत नाही. जुन्या खेळाडूंना पैसे बुडवल्याचा अनुभव भरपूर असते, लिहून देणारं मंडळ त्यांना आवडतेच. जो लिहायला नाही म्हणते त्याचाच विचार परत करा. दुखापत झाली तर दवाखान्याचं कोण पाहणार तेही त्याच पानावर लिहा, हे लिहायचं सगळे विसरतात.

अन् एकाच स्पर्धेचं ठरवा, पूर्ण हंगामाचं नको. पहिली स्पर्धा झाली की चार दिवसांनी गुडघा कसा आहे ते विचारून पुढचं ठरवायचं.

कॅप्टनशिप देऊ नका. लोक म्हणतात अनुभव आहे, मान द्या. मान खुर्चीनं द्या, पाया पडून द्या. कॅप्टन आपला नेहमीचाच ठेवा, कारण दादा बाद होऊन बाहेर बसला की आत कोणाचं ऐकायचं हा घोळ होते, अन् दादाला बदलायची वेळ आली तर दादा स्वतः स्वतःला कसा बदलणार?

ज्या पोट्ट्याची जागा जाऊन राहिली त्याचं मात्र ऐका. वर्षभर उन्हातान्हात माती ओढून मैदान केलं त्यानं, मुरूम टाकला, पाणी मारलं, अन् सामन्याच्या दिवशी पाहुणा खेळणार. त्याला दुसऱ्याकडून समजलं तर तो पुढच्या वर्षी शेजारच्या गावाकडून खेळताना दिसणार. कॅप्टननं त्याला बाजूला घेऊन सांगायचं की कोणत्या सामन्यात तू अन् कोणत्या सामन्यात दादा, अन् सांगितलं तसंच वागायचं, समोर ओळखीचा मजबूत संघ आला म्हणून ऐन वेळी फिरवायचं नाही.

सामन्याच्या रात्रीचं थोडक्यात. मधल्या वेळात दादाला ट्रॅक पँट अन् स्वेटर घालूनच ठेवा, पुढच्या सामन्याच्या वीस मिनिटं आधी हलकं पळवा, कंबर अन् मांड्या मोकळ्या करून घ्या. यजमान गावाचं जेवण रात्री दहाला येते, भात-वरण, वांग्याची भाजी, कधी मटणही, अन् पुढं दोन सामने बाकी असतात. पोटभर जेवू देऊ नका, दोन केळी अन् गूळ-शेंगदाणे द्या, ताट झाकून ठेवा म्हणावं. मैदान दिवसा उजेडी एकदा चालून पाहा, काळ्या मातीला भेगा असतील, नाहीतर कोपऱ्यात खडा वर आला असेल, तो कोपराच दादाचा असते.

अन् सगळं पाहून नाही म्हणायचं ठरलं तर? ग्रुपवर लिहू नका. अध्यक्षानं दादाच्या घरी जायचं, चहा घ्यायचा अन् सरळ सांगायचं, "दादा, रातभर तीन-चार मॅच होतात, तुमच्या गुडघ्याले झेपणार नाई, अन् तुमाले काही झालं तं वहिनीले तोंड कोण दाखवंन." आडून आडून बोललात, "पाहू, सांगतो" असं म्हणालात, तर तो नक्कीच बॅग घेऊन येते. अन् रिकाम्या हातानं जाऊ नका. प्रवेशाच्या फॉर्मवर प्रशिक्षकाचा एक रकाना असते, तो बहुतेक रिकामाच जाते नाहीतर ज्यानं बॅनरचे पैसे दिले त्याच्या भावाचं नाव पडते. तिथं दादाचं नाव टाका, बाकी संघासारखंच टी-शर्ट त्याच्यासाठीही छापा, अन् हाफला जे दोन टाइम आउट मिळतात ते कधी घ्यायचे ते त्यालाच ठरवू द्या.